पेशीवंशाचा सातबारा कोणाच्या नावावर?

वनस्पतींमधली औषधी द्रव्ये शेताऐवजी प्रयोगशाळेत, ऊतिसंवर्धनाने म्हणजे टिश्यू कल्चरने तयार करावीत की नाही, हा वाद मराठवाड्यात सध्या फार वाईट रीतीने घातला जातो आहे. कृषी प्रदर्शनांत आणि मेळाव्यांत एक गट सांगतो की दुष्काळावर उत्तर सापडले: पाऊस नको, जमीन नको, बंद खोलीत टाकी उभी करा आणि सोन्याच्या भावाचे द्रव्य काढा. दुसरा गट तितक्याच त्वेषाने म्हणतो की हा शेतकऱ्याला उठवण्याचा डाव आहे आणि टाकीत झालेले औषध मुळात औषधच नव्हे. माझे मत आधीच सांगतो. असे उत्पादन मराठवाड्यात उभे राहिले पाहिजे. मात्र ते मोजक्याच वनस्पतींसाठी असावे, सार्वजनिक विद्यापीठाच्या आणि सहकाराच्या हातात असावे, आणि ज्या रानातून पहिली पेशी घेतली तिथल्या गावाचा हिस्सा त्याआधीच कागदावर बांधलेला असावा. हा हिस्सा ठरणार नसेल, तर विरोध करणाऱ्यांच्या रांगेत मीही उभा राहीन.

आमच्याकडे टिश्यू कल्चर म्हटले की डोळ्यांसमोर केळी येते. अर्धापूर-वसमत पट्ट्यातल्या बागायतदाराला जी-नाइन या केळीच्या वाणाची रोपे नवी नाहीत. तिथे प्रयोगशाळा रोप देते आणि पुढचे सगळे शेतात होते; शेतकरी या साखळीत मधोमध उभा असतो. द्रव्यनिर्मितीचे तसे नाही. इथे रोप तयारच करत नाहीत. पानाचा किंवा मुळाचा तुकडा निर्जंतुक करून पोषक माध्यमावर ठेवतात, त्यावर कॅलस म्हणजे पेशींचा बेढब गोळा वाढतो, तो द्रवात सोडला की पेशी सुट्या होऊन वाढत राहतात आणि शेवटी हजारो लिटरच्या टाकीत पोचतात. झाड कीड, बुरशी, उन्हाचा ताप यांपासून बचावासाठी जी द्रव्ये बनवते, तीच या पेशींनी बनवावीत म्हणून त्यांना मुद्दाम ताण देतात. ही किमया परदेशातून काल आलेली नाही. एकट्या पेशीतून अख्खे झाड उभे राहू शकेल ही कल्पना हाबरलांट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०२ साली मांडली. पुढे १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशातून रोपे मिळवून जगाला चकित केले. आपल्या बांधावरच्या धोतऱ्यावर, आपल्याच देशात हे काम झाले आहे. पण हेही खरे की टाकीला शेत लागत नाही, आणि शेत लागत नाही म्हटल्यावर शेतकऱ्याच्या पोटात गोळा येणे साहजिक आहे. त्या भीतीला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी नीळीचा इतिहास वाचावा.

जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि दोन दशकांच्या आत भारतातली नीळीची लागवड कोसळली. विरोधकांचे सगळ्यात बळकट उदाहरण हेच आहे आणि ते मी पूर्ण मान्य करतो. फक्त त्याचा पुढचा भाग ते सांगत नाहीत. चंपारणच्या रयतेला नीळ पिकवायचीच नव्हती. तीनकठिया पद्धतीने वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यातले तीन कठ्ठे निळीसाठी राखायचे, तेही मळेवाला ठरवील त्या भावाने, ही सक्ती होती. कृत्रिम नीळ आल्यावर या जाचातून ती सुटायला हवी होती. झाले उलटेच. मळेवाल्यांनी सांगितले, निळीच्या बंधनातून मोकळे करतो, पण त्याबदल्यात खंड वाढवून द्या. याला शरहबेशी म्हणत. काहींकडून तर एकरकमी तावान म्हणजे भरपाई वसूल केली. म्हणजे बुडत्या धंद्यातला मळेवाल्यांचा तोटा रयतेने भरला. १९१७ च्या एप्रिलमध्ये गांधीजी तिथे गेले, चौकशी समिती बसली, तावानीतला चौथा हिस्सा परत मिळाला आणि १९१८ च्या कायद्याने तीनकठिया संपली. या सगळ्यात रयतेला नागवले कोणी? जर्मन रसायनशाळेने की चंपारणच्या कराराच्या कागदाने? रसायनशाळेने पिकाचा भाव पाडला हे खरे. पण पडलेल्या भावाचा भार कोणाच्या डोक्यावर जाईल हे कागदाने ठरवले, आणि तो कागद लिहिताना रयतेला कोणी विचारले नव्हते. आपणही आज टाकीकडे बघून भांडत बसलो तर कागद पुन्हा दुसराच कोणीतरी लिहील.

आता भीती नेमकी कोणत्या पिकाची आहे ते पाहू. वसमतच्या मोंढ्यात हळदीचा सौदा होतो, हिंगोली-नांदेडची हजारो घरे त्यावर चालतात. टाकीतले कर्क्युमिन आले तर हळद बुडेल, असे मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. ही भीती अनाठायी आहे. हळद आठ-नऊ महिन्यांत काढणीला येते, सुक्या हळदीत साधारण दोन ते पाच टक्के कर्क्युमिन असते, आणि घरोघर लोक हळद घेतात ती हळद म्हणून. जे द्रव्य शेतात इतक्या भरघोस आणि इतक्या लवकर मिळते, त्यासाठी निर्जंतुक टाकी चालवणे कोणालाच परवडत नाही. मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनचे उदाहरण घ्या. तिथे तर वनस्पतीच्या पेशीही नव्हत्या. जनुके बदललेले यीस्ट वापरून अर्धकृत्रिम आर्टेमिसिनिन काढण्याचा मोठा प्रकल्प झाला. सानोफीने इटलीत उत्पादन सुरू केले, गाजावाजा झाला, आणि चीन, व्हिएतनाम, पूर्व आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी पिकवलेल्या आर्टेमिसियाचा भाव इतका उतरला की टाकीतला माल महाग पडू लागला. उत्पादन जवळजवळ थांबले आणि पुढे तो कारखानाही विकला गेला. उतरलेल्या भावाने त्या शेतकऱ्यांचेही नुकसान झाले, हे मी विसरलेलो नाही. पण टाकीने शेताला हरवले, असे तिथे घडले नाही. तोच हिशोब अश्वगंधेला लागू आहे, आणि आमच्या काळ्या रानात आपोआप उगवणाऱ्या बावचीलाही.

टाकी जिंकते ती वेगळ्याच ठिकाणी. जपानमध्ये एका रानटी झुडपाच्या मुळापासून शिकोनिन नावाचे जांभळट-तांबडे रंगद्रव्य काढत. मूळ तयार व्हायला काही वर्षे लागत, त्यात द्रव्य एक-दोन टक्के, आणि झुडूप जपानमधून जवळजवळ संपलेले. मित्सुई पेट्रोकेमिकलने १९८३ च्या सुमारास त्याच्या पेशी टाकीत वाढवल्या आणि सुमारे तीन आठवड्यांत कोरड्या वजनाच्या चौदा टक्क्यांच्या आसपास शिकोनिन मिळवले. पेशीसंवर्धनातून बाजारात आलेले हे पहिले मोठे द्रव्य. पॅक्लिटॅक्सेलची गोष्ट याहून मोठी. अंडाशयाच्या कर्करोगावर अमेरिकेत १९९२ मध्ये मान्यता मिळालेले हे औषध आधी पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीतून येई. साल सोलली की झाड मरते, आणि एका रुग्णाच्या उपचाराला अनेक झाडे लागत. आपल्या हिमालयातला थुनेर, यूचाच भाऊबंद, त्याच मागणीपायी ओरबाडला गेला. पुढे युरोपीय यूच्या पानांतून अर्धकृत्रिम मार्ग निघाला आणि नंतर टाकीतल्या पेशींतून. मग टाकीने इथे कोणाचे पीक हिसकावले? यू कोणाच्या शेतात नव्हता. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडाचे तेच: कर्करोगावरच्या औषधांत लागणाऱ्या कॅम्प्टोथेसिनसाठी झाडे चोरून तोडली जातात, पोत्यांनी बाहेर जातात, आणि तोडणाऱ्याच्या हातावर किरकोळ मजुरी टेकवली जाते. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या रानातला गुग्गुळ डिंकासाठी चिरून चिरून मेला, आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. हळू वाढणारी, रानातून ओरबाडली जाणारी, द्रव्य अत्यल्प पण अतिमोलाचे असलेली वनस्पती, हीच टाकीची जागा. यादी एवढीच ठेवली तर शेतकऱ्याचे पीक आणि टाकी एकमेकांच्या वाटेत येतच नाहीत.

टाकीचे गोडवे गाणाऱ्यांशी माझे भांडण याहून तीव्र आहे, कारण ते अपयश सांगत नाहीत. अंगणातली सदाफुली घ्या. तिच्यातून विनक्रिस्टिन आणि विनब्लास्टिन ही कर्करोगावरची औषधे मिळतात, पानांत त्यांचे प्रमाण नगण्य. कित्येक दशके जगभरच्या प्रयोगशाळांनी सदाफुलीच्या पेशी वाढवल्या. धंद्याला परवडेल इतके विनब्लास्टिन त्यांतून निघाले नाही. कारण त्याचा एक घटक, विंडोलिन, बनायला पान लागते, उजेड लागतो, पानातल्या वेगवेगळ्या प्रकारच्या पेशींनी काम वाटून घ्यावे लागते. कॅलसच्या बेढब गोळ्याला ती विभागणी जमत नाही. नरक्याच्या पेशींतूनही कॅम्प्टोथेसिन मिळते, पण झाडाच्या मानाने फार थोडे. शिवाय पेशीवंश, म्हणजे एकाच तुकड्यातून वाढवत नेलेल्या पेशींचे वाण, पिढ्यान्‌पिढ्या वाढवत गेले की त्याचे द्रव्य घटत जाण्याची खोड असते. पेशी दुप्पट व्हायला एक-दोन दिवस किंवा त्याहून जास्त लागतात. तेवढ्यात एखादा जिवाणू शिरला तर तीन आठवड्यांचा घाणा रात्रीत नासतो. जिथे शेतपंपांना आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच वीज मिळत आली आहे, तिथे 'घरच्या घरी लॅब' विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल का? ठाऊक आहे आणि तरी तो विकतो. गेल्या पंचवीस वर्षांत सफेद मुसळी आली, कोरफड आली, स्टीव्हिया आला. प्रत्येक वेळी चकचकीत माहितीपत्रक, महाग बेणे आणि परतखरेदीचा करार. बेणे विकून झाले की खरेदीदाराचा फोन बंद. माणसांनी त्यासाठी दागिने मोडले आहेत. ऊतिसंवर्धनाच्या नावाने तेच माहितीपत्रक पुन्हा छापले जात असेल तर कृषी खात्याने ते मंडपातूनच उचलले पाहिजे.

आणि पाण्याचे काय? लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या मुलखात 'टाकीला पाणी लागत नाही' हे वाक्य फार सहज पटते. पण टाकीतल्या पेशी उजेडावर जगत नाहीत, त्या साखर खातात. नेहमीच्या माध्यमात लिटरला तीस ग्रॅम साखर असते. हजार लिटरच्या टाकीला तीस किलो. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाच्या हिशोबात महाराष्ट्रात एक किलो साखरेमागे सुमारे २००० लिटर पाणी खर्ची पडते. म्हणजे एका घाण्यामागे उसाच्या फडातले साठ हजार लिटर पाणी आधीच जिरलेले असते, आणि हाती येतात दहा-वीस किलो सुक्या पेशी. त्यांतून दोन किलो दुर्मीळ औषध निघणार असेल तर हा खर्च नक्कीच योग्य आहे. स्वस्त द्रव्य काढायचे असेल तर तो गुन्हा आहे. दुष्काळावरचा उपाय म्हणून तर ही गोष्ट विकूच नये. बीडचा ऊसतोड कामगार उचल घेऊन ज्या फडावर जातो, त्याच फडातून या टाकीचे अन्न येते. तो हिशोब बाजूला ठेवून कोणी हिरव्या तंत्रज्ञानाची भाषा करू नये.

'टाकीतले औषध खरे नव्हे' या आक्षेपाला थोडक्यात उत्तर पुरे. पॅक्लिटॅक्सेलचा रेणू सालीतून आला काय आणि टाकीतल्या पेशीतून आला काय, रेणू तोच. ज्या काढ्यात, चूर्णात अख्ख्या वनस्पतीतली अनेक द्रव्ये मिळून काम करतात, तिथे टाकीचा उपयोग नाही आणि तिथे शेतच राहणार, हे वैद्यांचे म्हणणे मला मान्य आहे. दोन्हींचे रुग्ण वेगळे, बाजार वेगळे.

खरा तोटा कोणाचा होईल, हे दोन्ही गट बोलतच नाहीत. किनवट-माहूरच्या जंगलात गोंड, कोलाम, आंध कुटुंबे रानमाल गोळा करून वर्षाचे काही महिने काढतात. ज्या वनस्पती टाकीत जायला योग्य, त्या नेमक्या अशाच रानातल्या. शेतकऱ्याचे पीक वाचेल, पण यांची मजुरी जाईल. या मुद्द्यासमोर मी बराच काळ अडखळलो आहे. मेक्सिकोत बार्बास्को नावाच्या रानटी कंदापासून १९४० च्या दशकात संप्रेरके बनवण्याचा उद्योग उभा राहिला. हजारो गरीब शेतकरी कंद खणत, भाव कंपन्या ठरवत. १९७५ मध्ये सरकारने कंदाचा व्यापार ताब्यात घेऊन भाव वाढवला, तेव्हा कंपन्या दुसऱ्या कच्च्या मालाकडे निघून गेल्या. खणणाऱ्याकडे खणण्यापलीकडे कसलाच हक्क नव्हता. रानातली खणती थांबवायची असेल, आणि ती थांबवावीच लागेल कारण झाडेच उरलेली नाहीत, तर खणणाऱ्याला मजुरीपेक्षा टिकाऊ काहीतरी मिळाले पाहिजे.

ते टिकाऊ काहीतरी म्हणजे पेशीवंशातला हिस्सा. पेशीवंश हा विरजणासारखा असतो; एकदा हाती आला, नीट जपला, की पुन्हा शेजारी जावे लागत नाही. म्हणूनच सगळे पहिल्या घेण्यावर ठरते. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याखाली २०१४ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांत कच्च्या मालाच्या खरेदी किमतीवर टक्केवारी देऊन लाभवाटप करण्याची, म्हणजे वनस्पती वापरणाऱ्याने स्थानिकांना हिस्सा देण्याची, एक वाट होती. पोत्यांनी मुळे घेणाऱ्या कारखान्याला ती ठीक. पेशीवंश करणाऱ्याची खरेदी एकदाच, तीही एखाद्या डहाळीची. डहाळीच्या किमतीची टक्केवारी काय येणार? २०२३ च्या दुरुस्तीने लागवडीच्या औषधी वनस्पतींना लाभवाटपातून सूट दिली. ती शेतकऱ्यासाठी आहे असे सांगितले गेले. उद्या टाकीवाला म्हणेल, माझ्याही पेशी मीच वाढवल्या, मलाही सूट द्या. त्याला काय उत्तर देणार, हे नियमांत आजच लिहिलेले हवे: टाकीतल्या पेशीला ही सूट नाही, आणि हिस्सा विक्रीवर, दरवर्षी, पेशीवंश जिवंत असेपर्यंत.

हे स्वप्नरंजन नाही. केरळमधल्या काणी आदिवासींनी दाखवलेल्या आरोग्यपच्च या वनस्पतीपासून तिथल्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान संस्थेने औषध बनवले, १९९५ मध्ये त्याचा परवाना एका औषधशाळेला दिला आणि परवाना शुल्कातला व स्वामित्वधनातला निम्मा वाटा काणींच्या न्यासाला ठरवला. पुढे त्यात अडचणी आल्या, पण निम्मा वाटा देता येतो हे सिद्ध झाले. याच्या उलट सर्पगंधा. शतकानुशतके आपल्या वैद्यांना ठाऊक असलेली, मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरचे तिचे परिणाम ब्रिटिश नियतकालिकात मांडलेली. तिच्यातले रिसर्पिन मात्र १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत वेगळे झाले. ज्ञान आपले, रुग्ण आपले, मुळेही आपल्या रानातली, द्रव्य तिकडे. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने लढून १९९७ मध्ये रद्द करवले, तेव्हा देशभर आनंद झाला. तो योग्यच होता. पण पेटंट रद्द करवणे वेगळे आणि स्वतःचे काही उभे करणे वेगळे.

उभे करायला मराठवाड्यात काही नाही असे नाही. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, त्याचे कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय लातूरला आहे, तिथून दरवर्षी मुले शिकून पुण्या-हैदराबादला नोकरी शोधायला जातात. वाळूजला औषधनिर्मितीचे कारखाने आहेत, शुद्धीकरण आणि गुणवत्ता तपासणी जाणणारी माणसे आहेत. सहकारी साखर कारखान्यांत वाफ आहे, वीज आहे, साखर आहे, आसवनीत म्हणजे डिस्टिलरीत टाक्या सांभाळणारे अनुभवी हात आहेत. आसवनीची टाकी जशीच्या तशी चालणार नाही. यीस्ट दांडगे असते, वनस्पतीची पेशी ढवळण्याच्या धक्क्यानेही फुटते. तरी अशा एका कारखान्याच्या आवारात विद्यापीठाने छोटे संयंत्र चालवून बघायला हरकत काय? पहिली वनस्पती निवडताना बाजारात चालू असलेले नाव घेऊ नये. जिचे झाड रानात संपत आले आहे आणि जिचे द्रव्य एखाद्या प्रयोगशाळेत पेशींतून आधीच मिळाले आहे, अशी एकच घ्यावी. पेशीवंश विद्यापीठाच्या नावे नोंदलेला असावा, कंपनीला वापराचा परवाना मिळावा, मालकी नाही. गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्या, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांच्या आणि त्यांविषयीच्या माहितीच्या वह्या, मुदत पाळण्याच्या घाईत भरल्या गेल्या. किनवट-माहूर आणि बालाघाट-अजिंठ्याच्या डोंगरपट्ट्यातल्या तरी वनस्पती जाणणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन पुन्हा लिहून काढाव्यात, कारण उद्या हिस्सा मागताना तोच पुरावा असेल. आणि डहाळी तोडण्याआधी कराराचा मसुदा त्या गावच्या ग्रामसभेत मराठीत, गोंडीत, कोलामीत मोठ्याने वाचला गेला पाहिजे, प्रश्न विचारायला पुरेसे दिवस दिले पाहिजेत, आणि सभेने नाही म्हटले तर प्रकल्पाने दुसरी वनस्पती शोधली पाहिजे.